पाना न लागलेलं इंजिन

खाडीच्या मुखाशी एक गाव होतं. तिथे विश्राम नावाचा होडीवाला राहत असे. सुट्टीत पाहुणे येत, त्यांना तो बेटापर्यंत फिरवून आणी. उन्हाळ्याच्या त्या दोन महिन्यांवर त्याचं वर्षभराचं घर चालायचं. पण पाहुण्यांना आता वेग हवा होता. म्हणून विश्रामने होडी विकली आणि जुनी का होईना, वेगाची बोट घ्यायचं ठरवलं.

सोबत त्याने मेव्हण्याला नेलं. मेव्हणा केशव बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री होता. हाताने कसबी, बोलायला भिडस्त.

धक्क्यावर दोन बोटी विकाऊ होत्या. पहिली इनासकाकांची. रंग उडालेला, गादीला ठिगळ. काकांनी न विचारताच एक वही पुढे केली. तीनशे तास चालल्यावर इंजिन उघडलं, सहाशेला उघडलं, नऊशेला पुन्हा. दर वेळी पिस्टनच्या रिंगा नव्या. केशवचा चेहरा उजळला. विश्रामचा मात्र उतरला.

"तीनदा ऑपरेशन झालेला पेशंट हा," तो म्हणाला.

दुसरी बोट एका हॉटेलवाल्याची, लालभडक आणि चकचकीत. आठ वर्षांत या इंजिनाला पाना लागलेला नाही, असं तो अभिमानाने सांगत होता. किती तास चाललं, असं केशवने विचारलं. तास कोण मोजत बसतो, असं उत्तर आलं. तोवर विश्रामने बोटीला हात लावून नमस्कारही केला होता.

केशवने त्याला बाजूला घेतलं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, माडाखाली बसवून तिसऱ्यांदा सांगितलं. "भावोजी, एवढ्या वेगाचं इंजिन आतून झिजतंच. तीनशे तासांनी उघडावंच लागतं. याला पाना लागला नाही म्हणजे आत कुणी डोकावलंच नाही."

"तुझं पोट इंजिनं उघडण्यावर," विश्राम हसला. "तू दुसरं काय सांगणार?"

बायकोच्या भावाने याहून जास्त काय बोलावं?

लाल बोट घरी आली. हार घातला, नारळ फुटला. सुट्टीच्या चौथ्या दिवशी सहा पाहुणे घेऊन ती बेटाकडे सुसाट निघाली. अर्ध्या वाटेत आतून खडखड ऐकू आली, मग धूर, मग काहीच नाही. भर उन्हात तासभर पाहुणे विश्रामला बोलत राहिले. शेवटी इनासकाकांनी आपल्या बोटीला दोर बांधून सगळ्यांना ओढून आणलं.

केशवने इंजिन उघडलं. पिस्टनचे तुकडे तेलात पडले होते. नवे भाग यायला दीड महिना लागणार होता आणि तोवर पावसाळा.

"आठ वर्षं बिनतक्रार चाललं," विश्राम कपाळाला हात लावून म्हणाला, "आणि नेमकं माझ्याकडे आल्यावर. नशीबच खोटं."

केशवने हात पुसून एक कोरी वही काढली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं, पहिल्यांदा उघडलं. मग वही विश्रामच्या हातात दिली.

"भावोजी, आता तरी तास मोजा."

तात्पर्य: वेगाची वस्तू जुनी घेताना ती किती पळते हे सगळेच विचारतात; तिची देखभाल केव्हा केव्हा झाली हे विचारावं, आणि जो ते खरं सांगतो त्याच्याच मालाला आजारी ठरवू नये.