केरबाने छापलेला माफीनामा

वाघुर्डे गावात केरबा नावाचा एक भोळा जुळारी होता. ‘खणखणाट’ साप्ताहिकाच्या छापखान्यात तो अक्षरांचे खिळे जुळवून पानं तयार करायचा. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखं करायचा. घोटाळा तिथेच होता.

‘खणखणाट’चे संपादक भाऊसाहेब कुरणे. पलीकडच्या गल्लीतल्या ‘दणदणाट’चे संपादक तात्या हुलवळे. दोघांची साठी उलटली होती, पण भांडायला लागले की बालवाडीतली पोरं शहाणी वाटायची. एकदा तात्यांनी भाऊसाहेबांना ‘रिकामं मडकं’ म्हणून छापलं.

भाऊसाहेब उसळले. “केरबा, ध्यानात ठेव. कुणी आपल्याला एक दिलं, तर आपण दोन द्यायची!”

पुढच्या अंकात छापून आलं, ‘तात्या चोर, तात्या लबाड.’

केरबाने ध्यानात ठेवलं. दुसऱ्याच दिवशी शेलारमामा लेकीच्या लग्नाची जाहिरात घेऊन आले. त्यांनी नवरदेवाचं एक नाव दिलं. केरबाने दोन छापली.

मामा छत्री उगारून आले. “अरे, हा दुसरा कुठून आणलास?”

“मागच्या आठवड्याच्या जाहिरातीतला जुळवून तयारच होता, मामा.”

इकडे तात्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. भाऊसाहेबांच्या वकीलबाई छापखान्यात येऊन बजावून गेल्या, “आता कृपा करून कुणाचं नाव छापू नका.”

केरबाने मान डोलावली. त्या आठवड्यात बातमी आली, ‘गावातील एक आजोबा वारले. नाव सांगता येत नाही.’ लोक हार घेऊन दिसेल त्या म्हाताऱ्याच्या दारात गेले. दामूअण्णांनी स्वतःचा हार स्वतःच घेतला आणि मंडळींना चहा पाजला.

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. “गाढवा, आधी पुरावा मागायचा! पुरावा मिळाला की खुशाल नाव घालायचं. पुराव्याशिवाय एक अक्षर छापायचं नाही!”

“बरं,” केरबा म्हणाला.

खटला उभा राहिला. न्यायाधीशांनी विचारलं, “तात्यांना चोर म्हणालात. पुरावा काय?”

“साहेब, त्यांनी मला आधी मडकं म्हटलं!”

“तुम्हाला मडकं म्हटलं, म्हणून यांनी चोरी केली?”

शेवटी तडजोड ठरली. येत्या अंकात पहिल्या पानावर माफी आली, तर तात्या खटला मागे घेणार. नाही आली, तर भाऊसाहेबांना तुरुंग.

भाऊसाहेबांनी माफीनामा लिहिला आणि केरबाला दिला. छापण्याआधी ते फक्त स्वतःचा अग्रलेख तपासायचे. बाकी पानांकडे ढुंकून बघायचे नाहीत.

केरबाने कागद वाचला. ‘तात्या हुलवळे चोर नाहीत.’ तो उठला आणि थेट तात्यांच्या ओसरीवर जाऊन बसला.

“तात्या, तुम्ही चोर नाही, याचा पुरावा द्या.”

“काय?”

“चोरी केली नाही, त्याचं काही असेल ना. पावती, दाखला, फोटो.”

“न केलेल्या चोरीचा फोटो कुठून आणू, मेल्या!”

“शोधा निवांत. मी बसतो.”

दोन तासांनी तात्यांनी त्याला बखोट धरून बाहेर काढलं.

शनिवारी अंक निघाला. पहिल्या पानावर, चौकटीत, छापखान्यातल्या सगळ्यात मोठ्या खिळ्यांत:

‘तात्या हुलवळे चोर नाहीत, असे आम्ही छापणार होतो. आमचा माणूस दोन तास त्यांच्या घरी बसला. त्यांना एकही पुरावा देता आला नाही.’