दोन भावांमधला खंदक

पुष्कळ वर्षांपूर्वी, उगवतीच्या समुद्रातील एका डोंगराळ बेटावर एक किल्ला होता. त्याला दगडी तट फारसे नव्हते. पूर्वजांनी डोंगरच कापून त्याचा किल्ला केला होता. शत्रूला आडवे पसरता येऊ नये म्हणून उतारावर उभे चर खोदले होते, आणि प्रत्येक वळणावर वरून बाण मारता यावा अशी वाट वळवली होती.

वर बालेकिल्ल्यात थोरला भाऊ राहत असे, खाली माचीवर धाकटा. दोहोंमध्ये एक खंदक होता व त्यावर फळ्यांचा पूल. बालेकिल्ल्याचे लोक रोज सायंकाळी फळ्या ओढून घेत आणि पहाटे पुन्हा टाकीत. तो रिवाजच होता. त्यात कोणालाही अपमान वाटत नसे.

एका सणाला तिरंदाजीची चढाओढ लागली. थोरल्याचा बाण लक्ष्य सोडून प्रसादाच्या भातात रुतला. माचीवरचे शिपाई पोट धरधरून हसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे फळ्या पडल्या नाहीत. थोरल्याने खंदक खोल करण्याची आज्ञा दिली. "आज हसले, उद्या चढून येतील," तो म्हणाला.

पलीकडून धाकटा ओरडला, "दादा, माती इकडेच टाक! तेवढाच माझा तट उंच होईल."

या चेष्टेमुळे खंदक आणखी खोल गेला.

दोघांना लहानाचे मोठे करणारी आत्या बालेकिल्ल्यात राहत होती. ती थोरल्याला म्हणाली, "अरे, विहिरीचा दोर अपुरा पडू लागला आहे, आणि खंदकाच्या तळाला ओल आली आहे. झरा फुटतो आहे. आता थांब."

"उत्तमच झाले, आत्या. कोरड्या खंदकापेक्षा पाण्याचा बरा."

"आणि तू काय पिणार? तुझा मान?"

खोदकाम थांबले नाही. पुढे विहीर आटली. झऱ्याचे पाणी खंदकातून वाहत उताराने खाली जाऊ लागले. बालेकिल्ल्यात ते रोज खंदकात उतरून वर वाहून आणावे लागे.

शरद ऋतूत शत्रू आला. चरांनी आणि वळणांनी त्याला बराच काळ रोखले. अखेर माची पडली. धाकटा आपल्या माणसांसह खंदकाशी आला. "दादा, फळ्या टाक!"

"फळ्या टाकल्या तर आधी तूच माझ्या छातीवर बसशील," थोरला वरून म्हणाला.

धाकट्याने क्षणभर वर पाहिले, आणि तो आपली माणसे घेऊन रानात उतरला. तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

बालेकिल्ला अभेद्यच राहिला. शत्रूने त्यावर चढाई केलीही नाही. झऱ्याचे पाणी जिथे उताराला उतरत होते, तिथे बाणाच्या टप्प्याबाहेर त्याने तळ दिला, घोड्यांना पाणी पाजले, भात शिजवला. माचीवरून त्याचे तिरंदाज खंदकावर नेम धरून बसले, त्यामुळे वरच्यांना पाण्यासाठी खाली उतरता येईना. वर पिंपे रिकामी झाली. आत्याने आपल्या वाटणीचे पाणी शिपायांना देऊन टाकले आणि ती अंथरुणाला खिळली.

तेव्हा भावासाठी न टाकलेल्या फळ्या थोरल्याने स्वतःच्या हातांनी शत्रूसाठी टाकल्या.

आज त्या शिखरावर वाडा नाही, दरवाजा नाही, कुंपण नाही. उतारावरचे चर पालापाचोळ्याने बुजत आले आहेत. तो खंदक मात्र अजून तितकाच खोल आहे, आणि त्याच्या तळातून झरा वाहतो. लाकूडतोडे तिथे ओंजळीने पाणी पितात.

तात्पर्य : आपल्या माणसाला अडवण्यासाठी खणलेला खंदक शेवटी शत्रूचीच तहान भागवतो.