टेकडीवरचं वैराग्य

"म्हणजे मला वेड लागलंय, असंच ना माई?"

विश्वंभरबुवांनी हे इतक्या मोठ्यानं विचारलं की टेकडीवरच्या मठाच्या छपरावरची कबुतरं उडाली. बुवा प्रवचनकार. वीस वर्षं गावोगाव फिरून लोकांना निर्भय व्हायला सांगणारा माणूस. आवाज खणखणीत असणारच.

माई अंबाडीची भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वेड कोण म्हणालं?"

"तालुक्याच्या दवाखान्यातल्या त्या तांबोळीबाईंकडे जा म्हणालात. समुपदेशनाला! माझ्या थोरलीएवढी असेल ती. मी लोकांना सांगणारा, आणि ती मला सांगणार?"

"डॉक्टरांनीही तेच लिहून दिलं होतं ना?"

लिहून दिलं होतं. तो कागद बुवांनी पोथीत लपवला होता.

पाच महिन्यांपूर्वी एका गावच्या सप्ताहात, भर मंडपात, बोलता बोलता त्यांची छाती धडधडू लागली. हातांना मुंग्या आल्या. आता आपण मरणार, इथंच, सगळ्यांच्या देखत, असं वाटलं. वाक्य अर्धं टाकून ते उठले आणि मंडपामागे जाऊन मातीत बसले.

डॉक्टरांनी ईसीजी काढला. हृदय ठणठणीत. पण त्या दिवसापासून बुवा व्यासपीठावर चढले नाहीत. घरी सांगितलं, घसा बसलाय. बायको बिचारी दिवसातून तीनदा ज्येष्ठमधाचा काढा देते आणि बुवा चांगल्या घशानं तो गिळतात.

सोमवारी टेकडीखालच्या त्यांच्याच गावाचा सप्ताह बसायचा होता. वडिलांनी सुरू केलेला. इथं नाही म्हटलं की आपलं बोलणं कायमचं संपलं, हे बुवांना पक्कं ठाऊक होतं.

"मला मंत्र द्या माई. धडधड थांबेल असा."

"माझ्याकडे नाही."

"तुमच्याकडे नाही? अहो, अकरा वर्षं टेकडी उतरला नाहीत तुम्ही. ना लग्न, ना जत्रा. सख्ख्या भावाच्या मातीलाही गेला नाहीत. एवढं वैराग्य ज्यांचं, त्यांनी... मला सोमवारी..."

आवाज फाटला. उजव्या हाताची तीन बोटं आपोआप डाव्या मनगटावर गेली. दिवसातून पन्नासदा जायची.

"आली," बुवा पुटपुटले. "नुसतं सोमवार म्हटलं, तरी आली..."

माईंनी भाजी बाजूला सारली. बुवांची बोटं उचलली आणि स्वतःच्या मनगटावर ठेवली.

"बघ."

म्हातारीची नाडी पळत होती. बुवांच्या नाडीहून जोरात.

"माई! बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"तू भावाच्या मातीचं नाव काढलंस."

"त्यानं नाडी पळते?"

"मला गर्दीची भीती वाटते, विश्वंभर. चार माणसं जमली की जीव गुदमरतो. भाऊ गेला तेव्हा पहिल्या पायरीपर्यंत गेले, आणि परत फिरले. दार लावून रडले. खाली लोक म्हणाले, बघा, माईंचा मोह सुटला..."

"आणि तुम्ही?"

"म्हणू दिलं."

बुवांना राग आला. फसवल्यासारखं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना एकटं वाटलं नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू आलास की आधी पाया पडतोस. पाया पडणाऱ्याला काय सांगायचं? सांगितलं ते तांबोळीबाईंनाच."

"मग तिला कसं सांगितलंत?"

"ती पाया पडली नाही. माझ्यानं खाली उतरवेना, म्हणून श्रावणापासून दर शुक्रवारी तीच टेकडी चढून येते. पहिल्या दिवशी विचारलं, भीती आली की कुठं जाणवते? तेव्हा मनात काय येतं? मग तुम्ही काय करता? उभ्या जन्मात मला हे कुणी विचारलं नव्हतं."

"एवढंच?"

"मग म्हणाली, चला, पायरीवर बसू. धडधडेल. धडधडू द्या. ओसरेपर्यंत उठायचं नाही. दोन शुक्रवार पायरीवरच गेले. मग वाटेवरच्या चिंचेपर्यंत. मग हापशावर, तिथं बाया असतात. गेल्या खेपेला एसटीच्या थांब्यावर पाऊण तास बसले."

"तुम्ही खाली उतरलात? भीती नाही वाटली?"

"वाटली की. पदर भिजला घामानं."

"मग उपयोग काय झाला?"

"पाऊण तास बसले ना."

खालून भोंग्याचा आवाज आला. मंडपात कुणीतरी माईक तपासत होतं. हॅलो, हॅलो... बुवांच्या कपाळावर घाम आला. माईंच्या मनगटावरची बोटं त्यांनी काढून घेतली.

माई उठल्या.

"आज शुक्रवार. बाई येईलच. आज बाजारात जायचं ठरलंय. चल, तिच्याशी बोल तरी."

बुवा उठले नाहीत. चटईची काडी मोडत राहिले.

"आज नको, माई. सोमवारचंही मी कळवून टाकतो, यंदा दुसरं कुणी बघा म्हणून. आधी भीती पूर्ण जाऊ दे. ती गेली की जाईन मी बाईंकडे. व्यासपीठावरही चढेन. तोवर जरा... शांत बसतो."

माई दाराशी चपला पायात सरकवत होत्या. एका हातानं चौकट घट्ट धरली होती.

"असंच म्हणता म्हणता मी इथं संत झाले, बाबा."