चौथा बोल्ट

“...सगळं बसलं उस्ताद, चौथं भोक तेवढं जुळत न्हाई. त्याचं काय करू?”

भानुदासनं हे उभ्या उभ्याच विचारलं.

शिकायला आलेला माणूस खाली बसून विचारतो. आपलंच म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायला आलेला उभा राहतो. भानुदासच्या हातात ड्रिल मशीन होतंच.

लतीफउस्ताद करंजाच्या झाडाखाली बसले होते. बुडाखाली ट्रकचीच जुनी सीट, तिचा स्पंज बाहेर डोकावत होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. समोरचा माणूस त्यांना आवाजावरून कळायचा, आणि त्याचा ताठाही.

“किती चुकतंय?”

“अर्धं बोट. भोक वाढवून घेतो, म्हंजे बसंल.”

“हं...”

उस्तादांनी सीटचा बाहेर आलेला स्पंज बोटानं आत सारला.

आंबा घाट चढून मलकापूरकडं निघालं की रस्त्याला लागून हे आवार होतं. एके काळी इथं ट्रकांची रांग लागायची. आता एकच ट्रक उभा होता, लांब नाकाचा, उस्तादांचा स्वतःचा. घाट उतरताना गूळ न्यायचा, चढताना आंबा आणायचा. त्याच्या फळ्यांना बारमाही एक गोड, आंबूस वास असायचा. त्या वासात, उस्तादांच्या हाताखाली भानुदास आणि त्याचा धाकटा भाऊ निवास लहानाचे मोठे झाले. ट्रकला ते ‘नाकेला’ म्हणायचे.

खंडेनवमीला उस्ताद सगळे पाने रॉकेलनं धुवायचे आणि पोत्यावर लहानमोठे लावून ठेवायचे. भानुदासची आई येऊन हळदकुंकू वाहायची. मग उस्ताद नाकेल्यासमोर नारळ फोडायचे. कुणी हटकलंच, तर म्हणायचे, “गाडीचं खातो, गाडीला देतो. तुझं काय जातंय?” त्यानंतर झेंडूची माळ घालून गावातनं एक फेरी. दोघा भावांना केबिनमध्ये पुढची जागा.

आता भानुदासचं नव्या रस्त्याला मोठं गॅरेज होतं. बोल्ट आवळायला तिथं हवेचं मशीन होतं. खर्रर्र झालं की काम झालं. नाकेल्याचं इंजिन त्यानं तिकडं नेऊन नव्यासारखं केलं, आणि परत आणून साखळीनं जागेवर उतरवलं. उद्या खंडेनवमी होती. उस्तादांना शेजारी बसवून तीच फेरी मारायची, असं त्याच्या मनात होतं.

आणि इंजिनाच्या चार पायांतला एक पाय अडून बसला होता.

“निवास दिसत न्हाई कुटं?” उस्तादांनी विचारलं.

भानुदासनं ड्रिल या हातातून त्या हातात घेतलं.

“जाणाराय उद्या. परत सुरतेला.”

“कायमचा आला हुता की.”

“आला हुता... मीच म्हणालो, जा.”

“का रं?”

“काय सांगू उस्ताद! घराची एक घडी बसलीया. मी, बायको, आई. गॅरेजला माझी एक रीत हाय. ह्यो आला, आन् हरेक गोष्टीत ह्येचं आपलं येगळंच. जॅक असा लावू नगो, गिऱ्हाइकाला तसं बोलू नगो. समदं जितल्या तितं हाय, ह्योच तेवढा बसत न्हाई.”

“आई काय म्हणती?”

“काय म्हणंल? ताटावर बसती नि उठती. बोलतच न्हाई.”

करंजाची शेंग टपकन सीटवर पडली, ती त्यांनी चाचपून बाजूला ठेवली.

“चल. दाव मला.”

भानुदास त्यांना हाताला धरून गाडीपाशी घेऊन गेला. उचललेल्या बॉनेटखाली बॅटरीचा उजेड धरून म्हणाला, “ह्ये बघा चौथं. स्टेअरिंगच्या पेटीआड. निम्मं भोक लपलंय.”

उस्तादांनी तिकडं मानसुद्धा वळवली नाही. ते गाडीला वळसा घालून दुसऱ्या अंगाला गेले. वाकून त्यांनी उरलेल्या तीन बोल्टांवरून बोटं फिरवली. एकेकावर जरा जास्तच वेळ.

“ह्ये कुणी कसले?”

“मीच की! मशिननं. बापजन्मात हालायचं न्हाईत.”

“झ्याक कसलेत.”

भानुदासची छाती वीतभर फुगली.

“सोड.”

“काय?”

“तिन्ही सोड.”

“उस्ताद, त्ये तर बरोबर बसल्यात! चुकलाय त्यो चौथा...”

“ड्रिल ठेव. पाना घे.”

उस्तादांचा शब्द मोडायची सवय त्याच्या हाताला नव्हती. जीभ कुरकुरत राहिली, पण हातानं पाना उचलला. आणि पाना हातात आल्यावर त्याला या आवारातला जुना नियम आठवला. आधी बोटं, मग पाना. सगळे बोल्ट बोटांनी आट्यावर चढवल्याशिवाय एकालाही आवळायचं नाही. जो घाई करील त्याचा दुपारचा चहा बंद. असे किती चहा बुडाले होते त्याचे! आणि किती वेळा निवासनं आपल्या जर्मनच्या पेल्यातला अर्धा चहा उस्तादांची नजर चुकवून त्याच्या पेल्यात ओतला होता.

पहिला बोल्ट सुटला. दुसरा. तिसऱ्यानं कुरकुर केली, मग तोही सुटला.

उस्तादांनी साखळी जराशी वर घ्यायला लावली. दोन्ही पंजे इंजिनावर टेकले आणि म्हाताऱ्या बैलाला गोठ्यात सारावं तसं हळूच रेटलं.

“सरक बाबा नाकेल्या... घे जरा अंग चोरून.”

इंजिन कुईं करून हललं. अगदी थोडंसं.

भानुदासनं बॅटरी धरली. चौथ्या भोकातून खालची माती दिसली. पुरा गोल, रुपयाएवढा उजेड.

तो मोठ्यानं हसला, लहानपणी हसायचा तसा. भोक कुठं हललं नव्हतं. ते पहिल्यापासून आपल्या जागीच होतं.

“जमलं की हो उस्ताद! आता घालतो बोल्ट, नि झालं काम.”

जुना बोल्ट त्यानं छिन्नीनं तोडून काढला होता; नवा घेऊन त्यानं हात आत घातला.

स्टेअरिंगची पेटी आणि चेसी यांच्यामध्ये एवढीशी फट. हात मनगटापर्यंतही गेला नाही, पेरंच अडकली. त्यानं डावा हात घालून पाहिला. बोल्ट तारेला अडकवून सोडून पाहिला, तो टणकन खाली दगडावर पडला. गाडीखाली शिरून खालून प्रयत्न केला. बोटांची सालटी निघाली. रक्त आणि ग्रीस एक झालं.

बोल्ट काही जागेवर जाईना.

गाडीखाली उताणा पडल्या पडल्या तो त्या फटीकडं बघत राहिला... आणि तिथून एक हात आत येताना त्याला दिसला. कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेला, काडीसारखा. आईसारखी लांब, बारीक बोटं. वरून एक आवाज, “दादाऽ, लागला आटा!”

दर वेळी. इंजिन कधीही उतरवा, कधीही चढवा, तो चौथा बोल्ट निवासच लावायचा.

मग भानुदास चारही बोल्ट पान्यानं आवळायचा, आणि कपाळावरचा घाम पुसत उस्तादांना ओरडून सांगायचा, “उस्ताद, मी इंजिन बसवलं!”

‘आम्ही’ असं त्यानं एकदाही म्हटलं नव्हतं. उस्तादांनी त्याला कधी टोकलंही नव्हतं. ते नुसते ‘हं’ म्हणायचे.

निवासची बोटं आजही तशीच होती. काल रात्री ती पिशवी भरत होती, आणि हा दारात उभा राहून बघत होता. थांब, असं काही तोंडातून निघालं नव्हतं.

तो गाडीखालून बाहेर आला. उस्ताद पुन्हा आपल्या सीटवर जाऊन बसले होते. या वेळी तो उभा राहिला नाही. त्यांच्या पायांशी मातीत बसला आणि बोल्ट पुढं धरला.

“उस्ताद... माझं बोट पोचत न्हाई तितं.”

उस्तादांनी बोल्ट चाचपून घेतला. लुंगीच्या सोग्यानं त्याच्यावरचं रक्त आणि ग्रीस पुसलं. मग तो परत भानुदासच्या तळहातावर ठेवला, आणि आपल्या बोटांनी त्याची मूठ मिटवली.

“तुझं बोट तितं कवा पोचत हुतं, भान्या?”