दाराजवळची खुंटी

घरोघरी मातीची कौलं होती, त्या काळची ही गोष्ट. रखमाक्का कुंभारणीच्या पडवीत कौलं थापायचे तीन साचे होते. रोजच्या वापरातला दाराजवळच्या खुंटीला, बाकीचे मागच्या भिंतीला.

नवा साचा खुंटीला लागला आणि लागलीच त्याने मागे वळून विचारलं, "आजोबा, कौलं तर आता मीच देणार. मग तुम्हाला अजून चुलीत का नाही घातलं?"

सर्वांत जुना साचा हसला. "बघ की थांबून."

एके दिवशी तुळाजी गवळी आला. "आक्का, माकडांनी गोठ्याची कौलं फोडली. नवी दे." आक्काने खुंटीवरचा साचा घेतला, कौलं थापली, भाजून दिली. पण तुळाजी ती घेऊन परत आला. "शेजारच्या कौलाच्या खाचेत बसतच नाहीत गं! वासरू भिजतंय माझं."

"चुकलंच माझं. त्याच छपराचं एक कौल आण बघू."

आणलेलं कौल तिने एकेका साच्यात ठेवून पाहिलं. ते आजोबांत अलगद बसलं. आजोबा खुंटीवर आले, नवा मागे गेला.

"आजोबा, माझी कौलं वाईट होती?"

"छे! चांगली होती. त्या छपराची नव्हती, एवढंच."

"मग मला परत कोण बोलावणार?"

"तुझ्या कौलांनी एखादं घर शाकारलं जाऊ दे, ते जुनं होऊ दे," आजोबा म्हणाले. "माकडं काय, तिथंही येतील."