चिलटाचा कंदील

डोंगराच्या डोक्यावर एक सडा होता. सडा म्हणजे सपाट, काळं, खडकाळ रान. पावसाळ्यात त्यावर इवली इवली फुलं येतात. त्या सड्यावर राहायचं एक चिलट. केवढं? तिळाएवढं. छे, तिळाहून जरा लहानच.

चिलटाचं घर होतं कंदीलफुलात. हिरवा हिरवा कंदील, त्यावर जांभळे ठिपके. आत शिरायचं, थेंबभर मध प्यायचा, गुडूप निजायचं. अशी फुलं आता फार थोडी उरलीत. या सड्यावर तर एकच रोप होतं.

एके दिवशी चिलट फिरून आलं. भिर्र भिर्र, भिर्र भिर्र. बघतं तर कंदील नाही. फूल गळून पडलेलं. रोप मान टाकून बसलेलं. रोपाखाली असतो एक गोल गोल कंद. तो उघडा पडलेला. अजून दोन दिवस ऊन लागलं, की कंद सुकणार. मग या सड्यावर कंदीलफूल कधीच येणार नाही.

चिलटाचा जीव कासावीस झाला.

"कंदा रे कंदा, फूल दे ना."

कंद म्हणाला, "कसं देऊ? अंगावर माती नाही. मातीनं पांघरूण घातलं, तर देईन."

चिलट मातीकडे गेलं. भिर्र भिर्र, भिर्र भिर्र. माती उतारावरून चालली होती. झुळूझुळू, झुळूझुळू.

"माती गं माती, थांब ना. कंद फुलेना, मी जाऊ कुठं?"

माती म्हणाली, "कशी थांबू? पावसाची सर येते, मला ढकलून नेते. इथं एक दगड होता. तो मला अडवायचा. दगड आला, तर थांबेन."

दगड कुठं गेला होता? खाली वाडीत. येसूकाकीच्या गडग्यात. गडगा म्हणजे दगडावर दगड रचून केलेली भिंत. पावसात काकीचा गडगा ढासळला. तशी काकी सड्यावर गेली आणि हाताला लागला तो दगड घेऊन आली. वाडीत सगळे असंच करतात. सड्यावरचा दगड, कुणाचा तो? असं आपलं त्यांना वाटतं.

चिलट दगडाकडे गेलं. भिर्र भिर्र, भिर्र भिर्र.

"दगडा रे दगडा, ये ना. माती थांबेना, कंद फुलेना, मी जाऊ कुठं?"

दगड म्हणाला, "कसा येऊ? मला पाय कुठं आहेत? येसूकाकीनं उचललं, तर येईन."

चिलट काकीकडे गेलं. भिर्र भिर्र, भिर्र भिर्र. काकी परसात भाजी खुडत होती. चिलटाचं बोलणं कुणाला ऐकू जातं का? पण ते काकीच्या अगदी कानाशी जाऊन बसलं.

"काकी गो काकी, दगड उचल ना. दगड येईना, माती थांबेना, कंद फुलेना, मी जाऊ कुठं?"

काकी म्हणाली, "कसा उचलू रे बाळा? गडग्याला भोक पडेल. भोकातून शेळी येईल. माझी सगळी भाजी फस्त करील. शेळीनं ऐकलं, तर उचलीन."

चिलट शेळीकडे गेलं. भिर्र भिर्र, भिर्र भिर्र. शेळी गडग्यापलीकडेच उभी होती. नजर भाजीवर. लबाड कुठली.

"शेळी गं शेळी, ऐक ना. काकी उचलेना, दगड येईना, माती थांबेना, कंद फुलेना, मी जाऊ कुठं?"

शेळी म्हणाली, "मॅंऽ. कसं ऐकू? पोटात कावळे ओरडतायत. फणसानं पाला दिला, तर ऐकेन."

चिलट फणसाकडे गेलं. भिर्र भिर्र, भिर्र भिर्र. फणस केवढा उंच. चिलटाची मान दुखली.

"फणसा रे फणसा, पाला दे ना. शेळी ऐकेना, काकी उचलेना, दगड येईना, माती थांबेना, कंद फुलेना, मी जाऊ कुठं?"

फणस म्हणाला, "कसा देऊ? माझी पानं घट्ट बसलीत. वारा उठला, तर देईन."

चिलट वाऱ्याकडे गेलं. भिर्र... भिर्र... दमलं होतं बिचारं. वारा कड्यावर पसरून घोरत होता. घुर्रऽ घुर्रऽ.

"वाऱ्या रे वाऱ्या, ऊठ ना. फणस देईना, शेळी ऐकेना, काकी उचलेना, दगड येईना, माती थांबेना, कंद फुलेना, मी जाऊ कुठं?"

वारा म्हणाला, "हंऽ. उद्या बघू." आणि कुशीवर वळला. घुर्रऽ घुर्रऽ.

आता पुढं कुणीच नव्हतं. कुणाला विचारायचं? चिलटाला रडू आलं. तिळाहून लहान डोळ्यांत तिळाहून लहान पाणी आलं. ते टेकायला जागा शोधू लागलं आणि टेकलं नेमकं वाऱ्याच्या नाकावर.

वाऱ्याला नाक असतं, बरं का. नाहीतर पिकल्या फणसाचा वास त्याला कळला कसा असता?

चिलटाचे पंख थरथरले. भिर्र भिर्र. वाऱ्याच्या नाकाला गुदगुली झाली. चिलटाच्या ते लक्षात आलं. मग काय, चिलट नाकातच शिरलं. भिर्र भिर्र, भिर्र भिर्र, भिर्र भिर्र.

"आऽऽ... आऽऽ... आक्छीं!"

वारा उठला. फणस गदागदा हलला. पाला पडला, सळसळ सळसळ. शेळीनं पाला खाल्ला, कुरुम कुरुम. पोट तट्ट फुगलं. शेळी तिथंच बसली रवंथ करत. आता कुठली भाजी नि कसलं काय.

काकीनं ते पाहिलं आणि गडग्यातला दगड काढला. भोकात करवंदीची काटेरी फांदी खोचली. दगड घेतला डोक्यावर आणि निघाली चढणीला. हुश्श हुश्श, हुश्श हुश्श. पुढं चिलट, मागं काकी.

सड्यावर कंद उघडाच पडला होता. एका बाजूनं सुकायलाही लागला होता. काकीनं तो पाहिला आणि तिचे डोळे भरून आले.

ती म्हणाली, "मीच रे तुला उघडं पाडलं. मला कळलंच नाही."

दगड पूर्वीच्या जागी बसला, धप्प. मग सर आली. माती झुळूझुळू आली, दगडाला अडली, थांबली. कंदावर मऊ मऊ पांघरूण पडलं. एक दिवस गेला. दोन दिवस गेले. चिलट दगडावर बसून राहिलं. काकी रोज वर येऊन बघून जायची. रोपानं मान वर केली. पान आलं. कळी आली. आणि एका सकाळी, टप्पकन, कंदील लागला. हिरवा हिरवा, त्यावर जांभळे ठिपके.

वारा उठला, फणसानं दिलं, शेळीनं ऐकलं, काकीनं उचललं, दगड आला, माती थांबली, कंद फुलला.

पुढच्या पावसात वाडीतले आणखी दोन गडगे ढासळले. माणसं सड्याकडे निघाली. येसूकाकी वाटेतच उभी राहिली.

ती म्हणाली, "दगड ओढ्यातून आणा. वरच्या दगडांना हात लावू नका. त्यांच्या आडोशाला कुणीतरी राहतं."

माणसं ओढ्याकडे वळली.

आणि चिलट? ते कंदिलात शिरलं. थेंबभर मध प्यायलं. पंख मिटले आणि निजलं गुडूप.

गोष्ट गेली कंदिलात,
झोप आली डोळ्यांत.