ढाण्याचा पट्टा आणि पितळी आकडा

रंगराव जहागीरदारांना अभिमान दोनच गोष्टींचा, आपल्या मनगटाचा आणि ढाण्या कुत्र्याचा. ढाण्याला फिरवायला त्यांनी गोंदाजी जिनगराकडून लांब चामडी पट्टा करून घेतला. कुत्र्याच्या गळपट्ट्यात अडकवायला गोंदाजीनं त्याला बोटाएवढा पितळी आकडा बसवला होता.

तो बघून सरकार भडकले. "हा आकडा आहे की बाईची नथ? माझा ढाण्या एका हिसक्यात तोडेल. हत्तीच्या साखळीचा लोखंडी आकडा लाव!"

"सरकार, त्या वजनानं बिचाऱ्याची मान वर व्हायची नाही. हे ओतीव पितळ आहे, दगा देणार नाही."

"मग होऊन जाऊ दे परीक्षा. आकडा सुटला, तर दसऱ्याच्या घोड्यांच्या खोगिरांचं काम दुसऱ्या जिनगराला!"

सरकारांनी आकडा ढाण्याच्या गळपट्ट्यात अडकवला आणि पट्ट्याचं दुसरं टोक मुठीत आवळलं. गोंदाजी अंगणात वीस पावलं लांब जाऊन उकिडवा बसला आणि त्यानं आपल्या न्याहारीचं फडकं सोडलं. आत भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील होता. वास लागताच ढाण्यानं अशी झेप घेतली, की सरकार तोंडघशी पडले आणि पट्टा फरफटत ढाण्या भाकरीवर!

न्याहारी फस्त करून तो परत आला आणि बोंबलाच्या तोंडानं धन्याचा गाल चाटू लागला. गोंदाजीनं वाकून पट्टा उचलला.

"सरकार, आकडा शाबूत आहे. टाकाही एक उसवलेला नाही. सुटली ती आपली मूठ. हत्तीचा आकडा तिथं बसवून देऊ का?"